गळाचे वजन आणि उजनीतले शिसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उजनी जलाशयाच्या काठावर, हिप्परग्याच्या एकरुख तलावावर आणि जिल्ह्यातल्या लहानमोठ्या पाझर तलावांवर रविवारी सकाळी रॉड आणि रील घेऊन बसलेली तरुण मंडळी आता कोणालाच नवलाची वाटत नाहीत. पोटासाठी नव्हे, तर हौसेसाठी गळ टाकणाऱ्यांचा हा वर्ग आहे. मीही त्यातलाच एक आहे आणि हा छंद वाढावा अशीच माझी इच्छा आहे. मात्र या छंदापायी आपण पाण्यात जे शिसे टाकून येतो, त्याविषयी काठावर कोणी बोलताना दिसत नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच, की आपल्याकडच्या पाण्यात गळाला आज आपण लावतो त्याहून बरेच कमी वजन पुरते, आणि जे लागते ते शिशाचेच असले पाहिजे असे मुळीच नाही.

आपल्यातले बहुतेक जण हा छंद मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून शिकले आहेत, आणि त्यातल्या बहुसंख्य चित्रफिती अमेरिकेतल्या बास माशाच्या आहेत. लार्जमाऊथ बास हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला मासा. तिथे त्याच्या मागे लागलेल्यांनी गळ, वजन आणि खोटे आमिष यांच्या जोडणीचे अनेक प्रकार घडवले. टेक्सास रिगमध्ये बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे वजन दोरीवर सरकते ठेवतात आणि गळाचे टोक रबरी किड्याच्या अंगात लपवतात, म्हणजे आमिष शेवाळातून आणि काटक्यांतून न अडकता निघते. कॅरोलिना रिगमध्ये वजन जड, साधारण अर्धा ते एक औंस (14 ते 28 ग्रॅम) असते. त्याच्या पुढे मणी आणि स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), आणि मग दीड ते तीन फूट लांबीची मोकळी दोरी असते, जेणेकरून वजन तळ घासत पुढे गेले तरी आमिष मागून तरंगत यावे. ड्रॉप शॉटमध्ये सगळे उलट असते, गळ वर आणि वजन दोरीच्या अगदी टोकाला. या साऱ्या जोडण्या हुशारीने केलेल्या आहेत, त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण त्या ज्या माशासाठी आणि ज्या तळासाठी झाल्या, तो मासा आपल्या धरणात नाही आणि तो तळही आपला नाही. आपल्याकडे कटला, रोहू, मरळ, शिंगाळा आणि उजनीत मुबलक सापडणारी चिलापी. यातली चिलापी मुळात बाहेरून आलेली असली तरी बासची कोणतीच सवय तिच्यात नाही. ती आमिष ओढून पळत नाही. तोंडात घेते, चाखते आणि काही जड लागले की लगेच थुंकते. चाळीस ग्रॅमचे घट्ट बांधलेले शिसे लावून चिलापीची वाट पाहणाऱ्याला दिवसभर दोरी हललेली दिसत नाही, आणि मग तो मासेच संपले असे म्हणत घरी जातो.

ड्रॉप शॉटविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्याच्या वजनाला वर गाठ नसते, तर तारेचा एक चिमटा असतो आणि दोरी त्यात नुसती दाबून बसवलेली असते. वजन दगडात अडकले, की जोराने ओढल्यावर दोरी चिमट्यातून निसटते, गळ आणि आमिष परत येते आणि वजन तेवढे खाली राहते. म्हणजे अडकल्यावर वजन सोडून देणे हीच या जोडणीची सोय आहे. सपाट वाळूच्या तळावर असे क्वचित घडत असेल. उजनीच्या तळाची गोष्ट वेगळी आहे.

उजनीचा तळ कसा आहे हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. भीमेचे खोरे बुडाले तेव्हा शेतांचे बांध, विहिरींची कडी, घरांच्या भिंती आणि बाभळीची खोडे तशीच पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरले की डोके वर काढते, हे दृश्य आपल्या वृत्तपत्रांत दर काही वर्षांनी छापून येते. या धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी असली, तरी त्यातला निम्म्याहून अधिक भाग मृतसाठ्याचा आहे. त्यामुळे पावसाने ओढ दिली की धरण ‘वजा’त जाते, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली उतरते. 2024 च्या उन्हाळ्यात तर ते उणे साठ टक्क्यांच्या जवळ पोहोचले होते. अशा वेळी उघड्या पडलेल्या काठावर कोणीही चालून पाहावे. बाभळीच्या बुंध्याला गुंडाळलेले तंगूस (गळाची नायलॉनची दोरी), गंजलेले गळ आणि त्यांना लटकलेली राखी रंगाची शिशाची गोळी हमखास दिसते. गोळीवर पांढुरकी पूड चढलेली असते आणि नखाने ओरखडा काढला की आत चकचकीत धातू दिसतो. पाऊस झाला की हे सगळे पुन्हा पाण्याखाली जाते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण अतिशयोक्तीने मुद्दा दुबळा होतो. गळाच्या शिशामुळे सोलापूरच्या नळाला विषारी पाणी येते असे माझे म्हणणे नाही. धातूच्या रूपातले शिसे खडीसाखरेसारखे पाण्यात विरघळत नाही. त्याचा खरा धोका दोन ठिकाणी आहे, एक पक्ष्यांच्या पोटात आणि दुसरा आपल्या हातावर.

पक्ष्यांना दात नसतात. बदके, हंस आणि अनेक पाणपक्षी धान्य व वनस्पती दळण्यासाठी बारीक खडे गिळतात आणि ते पेषणीत, म्हणजे जठराच्या दळणाऱ्या भागात, साठवतात. तळाशी पडलेली शिशाची छोटी गोळी त्यांना खड्यासारखीच दिसते. पेषणीत ती घासली जाते, पोटातल्या आम्लात विरघळते आणि रक्तात उतरते. पक्ष्याचे पंख ढिले पडतात, मान उचलली जात नाही, खाल्लेले पुढे सरकत नाही आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो मरतो. इंग्लंडमध्ये नद्यांवरचे हंस या कारणाने मोठ्या संख्येने मेले, तेव्हा 1987 च्या आरंभापासून तेथे 0.06 ग्रॅमपासून 28.35 ग्रॅमपर्यंतच्या, म्हणजे एक औंसापर्यंतच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. त्यानंतर हंसांची संख्या पुन्हा वाढली. कॅनडाने 1997 मध्ये आपल्या राष्ट्रीय उद्यानांत 50 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या शिशाला मनाई केली. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने 2000 पासून असे निर्बंध घातले, कारण तेथील लून नावाचे पाणबुडे पक्षी गळासकट तुटलेले मासे गिळून किंवा खड्यांबरोबर शिसे उचलून मरत होते. ज्या बासच्या चित्रफिती आपण पाहतो त्यांच्याच देशात हे घडले आहे, पण त्या चित्रफितींत याचा उल्लेख क्वचितच येतो.

उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणपासून खाली, हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो), पट्टकादंब, चक्रवाक आणि नाना जातींची बदके उतरतात. रोहित पाहायला आपण पोराबाळांना घेऊन जातो आणि नावाड्याला पैसे मोजतो. रोहित चिखल चाळून खाणारा पक्षी आहे, आणि स्पेन व मेक्सिको या देशांत शिकारीच्या बंदुकीचे शिशाचे छर्रे पोटात जाऊन रोहित मेल्याच्या नोंदी आहेत. ते छर्रे शिकाऱ्यांचे होते, गळाचे नव्हते, हे खरे. पण चिखलात पडलेला दोन मिलिमीटरचा छर्रा आणि आपण दोरीवर चिमटीत दाबून बसवतो ती तेवढ्याच आकाराची गोळी, यांत पक्ष्याला काही फरक करता येत नाही.

आता हाताचा मुद्दा. काठावर कोणत्याही टोळक्याकडे पाहावे. बारीक शिसे दोरीवर बसवायला पक्कड पिशवीत असूनही सापडत नाही, म्हणून गोळी थेट दातांत धरून दाबली जाते. त्याच हाताने कणीक मळली जाते, त्याच हाताने तंबाखू चोळली जाते आणि अकराच्या सुमारास त्याच हाताने कडक भाकरीवर शेंगाची चटणी घेतली जाते. मऊ शिसे बोटांना काळपट रंग लावते, तो रंग म्हणजे शिसेच. शरीरात शिशाची अमुक मात्रा सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वाधिक होतो. याच कारणाने आपल्या देशाने 2000 मध्ये पेट्रोलमधून शिसे काढून टाकले. पेट्रोलमधून काढलेले शिसे आपण हौसेखातर दातांनी चावावे, हे काही शहाणपणाचे नाही.

त्याहून गंभीर प्रकार म्हणजे घरी शिसे वितळवणे. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे साध्या गॅसच्या शेगडीवरही ते पातळ होते, आणि भंगारातल्या जुन्या गाडीच्या बॅटरीतून ते स्वस्तात मिळते. मग स्वयंपाकघरातले एखादे जुने पातेले, वाळूत केलेला खड्डा आणि वर तारेची कडी, एवढ्यावर वजने ओतली जातात. बॅटरीच्या पट्ट्यांबरोबर गंधकाम्ल आणि शिशाच्या संयुगांची भुकटी येते. वितळलेल्या धातूवर जी साय धरते ती खरवडताना उडणारी धूळ धुरापेक्षाही वाईट असते. ती ओट्यावर, कपड्यांवर आणि रांगत्या मुलाच्या हातावर बसते. साचा ओला असेल तर वितळलेले शिसे उसळून तोंडावर येते ते वेगळेच. जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच गेल्या पाहिजेत असे 2022 चे नियम सांगतात. घरच्या पातेल्यात त्या फोडण्याला त्यात जागा नाही.

कोणी म्हणेल की धंदेवाईक मासेमारांच्या जाळ्यांनाही शिसे असते, त्यांना का सांगत नाही? प्रश्न रास्त आहे. भोई बांधवांच्या फेकजाळ्याच्या कडेला शिशाच्या मण्यांची माळ असते खरी. पण ती दोरात ओवलेली असते, जाळे वर आले की तीही वर येते, आणि जाळे हे त्यांचे भांडवल असल्याने ते अडकले तर ते पाण्यात उतरून सोडवतात. आपले तसे नाही. आपली गोळी दोन-तीन रुपयांची, दोरी तुटली की आपण खांदे उडवतो आणि दुसरी बांधतो. टाकून दिलेले शिसे प्रामुख्याने हौशी लोकांचे असते. म्हणून जबाबदारीही आपलीच.

उपाय काय? पहिला उपाय वजनाचा नसून दोरीचा आहे, आणि हाच मुद्दा दुकानात कोणी सांगत नाही. जाड दोरीला पाणी आणि वारा जास्त ओढतो. अर्ध्या मिलिमीटरचे तंगूस लावले, की दोरीला पोट पडते, आमिष जागेवरून सरकते, आणि मग ते धरून ठेवण्यासाठी आपण वजन वाढवतो. वजन वाढले की फेकण्यासाठी कडक रॉड लागतो, आणि कडक रॉडला माशाने केलेला स्पर्श कळत नाही. 0.28 किंवा 0.30 मिलिमीटरची चांगली दोरी घेतली, तर त्याच वाऱ्यात निम्म्याच्या आसपास वजन पुरते. चिलापी आणि रोहूला एवढी दोरी भरपूर आहे. मोठ्या कटल्याची आशा असेल तर थोडी जाड घ्यावी, एवढेच. मे महिन्यात दुपारनंतर उजनीवर पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा रॉडचे टोक आकाशाकडे न ठेवता पाण्याच्या जवळ आणावे. हवेत राहणारी दोरी कमी झाली की वाऱ्याचा जोरही कमी लागतो. रॉडच्या मुठीजवळ जे आकडे छापलेले असतात तेही वाचावेत. त्यावर ‘1/4 ते 3/4 औंस’ असे असेल, तर तो रॉड सुमारे 7 ते 21 ग्रॅम फेकण्यासाठी केलेला आहे. त्याला साठ ग्रॅमचा गोळा बांधून टोक मोडणाऱ्याने कंपनीला दोष देऊ नये.

वजन नेहमी सरकते ठेवावे. दोरी त्याच्यातून मोकळी धावली तर माशाला ओझे जाणवत नाही, आणि दोरी वर कुठे तुटलीच तरी मासा गळाबरोबर गोळा ओढत फिरत नाही. घट्ट बांधलेल्या गोळ्यासह सुटलेला मासा एखाद्या खोडाला अडकतो आणि तिथेच मरतो.

काही ठिकाणी तर वजनच नको. कटला-रोहूसाठी आपल्याकडे पेंड आणि कणकेचा गोळा करून त्याभोवती चार-सहा गळ रोवण्याची पद्धत पूर्वीपासून आहे. शेंगदाण्याची पेंड सोलापुरात कमी नाही. तो गोळाच पन्नास-साठ ग्रॅमचा असतो, तोच फेकायला पुरतो, तोच तळाशी बसतो आणि काही वेळाने विरून माशांना जमवतो. त्याच्या वर पुन्हा शिसे बांधणारे लोक मी पाहतो तेव्हा त्यामागचे कारण मला खरोखर समजत नाही. मरळीसाठी पोकळ रबरी बेडूक पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढायचा असतो, तिथेही वजनाला काम नाही. (मरळ पिलांच्या थव्यावर राखण करत असेल तर तिच्यावर बेडूक टाकूच नये. ती भुकेने नव्हे, रागाने येते, आणि ती गेली की पिले इतर माशांच्या तोंडी जातात.)

जिथे वजन लागतेच, तिथे काय वापरावे याचा हिशेब सोपा आहे. पाण्यात प्रत्येक वस्तू तिने बाजूला सारलेल्या पाण्याइतकी हलकी होते. शिशाची घनता पाण्याच्या 11.3 पट आहे, लोखंडाची सुमारे 7.8 पट आणि आपल्या काळ्या पाषाणाची सुमारे 2.9 पट. त्यामुळे 40 ग्रॅम शिसे पाण्यात जे काम करते तेच काम 42 ग्रॅम लोखंड करते. फरक फक्त दोन ग्रॅमचा. नटबोल्टच्या दुकानातला एक नट दोरीत ओवला की काम भागते. तो गंजला तर गंजू द्यावा. गॅरेजमध्ये फेकून दिलेला जुना स्पार्क प्लगही चालतो, आणि कित्येक ठिकाणी लोक तो वापरतातही. दगडच घ्यायचा तर त्याच कामाला सुमारे 56 ग्रॅमचा घ्यावा लागेल. त्याचा आकार मोठा म्हणून फेक थोडी कमी पडते, पण काठाजवळच्या मासेमारीत त्याने बिघडत नाही.

बाभळीच्या खोडांत गळ टाकायचा असेल तर मला दगडाचीच जोडणी सर्वांत बरी वाटते. मुख्य दोरीला स्विव्हल लावावे, आणि त्यापासून दगडाकडे जाणारी हातभर दोरी मुद्दाम कच्ची, मुख्य दोरीच्या निम्म्या ताकदीची ठेवावी. शक्यतो ती सुती सुतळीची ठेवावी, कारण ती कुजून जाते. अडकल्यावर ओढले की कच्ची दोरी तुटते. मासा, गळ आणि मुख्य दोरी परत येते आणि पाण्यात काय राहते, तर पाण्याकाठचाच एक दगड. ड्रॉप शॉटच्या चिमट्यामागे जी कल्पना आहे तीच ही, फक्त मागे राहणारी वस्तू निरुपद्रवी.

खोट्या आमिषांनी मासे धरणाऱ्यांना, ज्यांना लहान आकारातच जडपणा हवा असतो, त्यांच्यासाठी टंगस्टन आहे. त्याची घनता शिशाच्या जवळपास 1.7 पट, म्हणजे त्याच वजनाची गोळी बरीच लहान होते, आणि कडक असल्याने तळाचा दगड-चिखल बोटांना शिशापेक्षा स्पष्ट कळतो. ते कित्येक पट महाग आहे. पण हजारोंचा रॉड आणि तितक्याच किमतीची रील घेणाऱ्यांनी किमतीची सबब सांगू नये. फक्त छिद्राची कड पाहून घ्यावी, ती धारदार असेल तर दोरी कापते. जस्ताची वजने मात्र टाळावीत, कारण पक्ष्यांच्या पोटात जस्तही विषारी ठरते.

सोलापुरातील मासेमारीच्या साहित्याच्या दुकानदारांना माझी विनंती आहे, की निदान 28 ग्रॅमच्या आतली शिशाची वजने, विशेषतः दोरीवर दाबून बसवायच्या बारीक गोळ्यांच्या डब्या, त्यांनी मागवणे थांबवावे. मोठ्या गोळ्यांपेक्षा आधी यांवर लक्ष द्यावे, कारण पक्षी गिळतात त्या याच. मत्स्यव्यवसाय आणि पाटबंधारे या खात्यांनी जलाशयावर हौशी मासेमारीला परवानगी देताना शिसे न वापरण्याची अट घालावी, आणि जिथे गाड्या लागतात तिथे तुटलेले तंगूस टाकण्यासाठी झाकणाचा डबा ठेवावा. यासाठी वेगळ्या निधीची वाट पाहण्याची गरज नाही. ज्यांच्याकडे शिशाचा साठा आधीच आहे त्यांनी तो कचऱ्यात किंवा पाण्यात न टाकता बॅटरी परत घेणाऱ्या दुकानदाराकडे द्यावा. तिथून ते पुनर्प्रक्रियेला जाते. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर काठावर उघडी पडणारी वजने आणि दोऱ्या गोळा करण्याचे काम हौशी मंडळींनी आपापल्या बसण्याच्या जागेपुरते जरी केले, हातमोजे घालून केले, तरी पहिल्या पावसाच्या आत बराच काठ मोकळा होईल.

आपला,
गळाने मासे धरणारा एक वाचक,
सोलापूर